जांभूळ म्हणजे मैत्रीण

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात वीस वर्षं ते कुणी घेतलं नाही, तेव्हा आता लिहायला बसले म्हणून एकदम पुळका आणणं बरं दिसणार नाही. शहराचं नावही सांगत नाही. मधून रेल्वेचे रूळ गेलेलं अमेरिकेतलं कुठलंही मोठं शहर डोळ्यांपुढे आणा. रुळांच्या उत्तरेला आम्ही आणि चांगल्या शाळा, दक्षिणेला ती आणि तिचे लोक. ही वाटणी कुठे लिहिलेली नव्हती, पण घर दाखवणाऱ्या एजंटबाईंपासून किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांना पाठ होती. आम्हाला ती पाठ व्हायला आठवडाही लागला नाही. आम्ही हुशार लोक.

एका इस्पितळाच्या रक्तपेढीत आम्ही दोघी कामाला होतो. रक्त तपासायचं, गट ठरवायचा, कुणाचं कुणाला चालेल ते जुळवून बघायचं. आता ‘रक्ताचा रंग सगळ्यांचा सारखाच’ असं एखादं वाक्य इथे येईल, अशी वाचकांची अपेक्षा असणार. तो रंग मी रोज आठ तास बघत होते. माझ्यावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

ती माझ्या आधीपासून तिथे होती. मी पुण्याची एम.एस्सी., तीही फर्स्ट क्लास, आणि ही बाई मला नळ्यांवर चिठ्ठ्या कशा चिकटवायच्या ते शिकवणार, याचा मला पहिल्याच दिवशी राग आला. तिसऱ्या दिवशी मी दोन नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. तिच्या ते वेळेवर लक्षात आलं. तिने दोन्ही नळ्या बाजूला काढल्या, वॉर्डातून नवे नमुने मागवले, आणि वरच्या साहेबांना सांगितलं, की नवीन आहे, शिकतेय. त्या संध्याकाळी मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, की इथल्या लोकांना शिस्त म्हणून नाही, सगळं मलाच बघावं लागतं.

आता शीर्षकातल्या त्या शब्दाकडे येते. अमेरिकेतल्या मराठी घरांत, निदान आमच्या मंडळातल्या घरांत, काळ्या लोकांसाठी एकेक खासगी शब्द असायचा. सरळ ‘काळे’ म्हणायची सोय नव्हती. हिंदीवाल्यांनी तो इतका वापरला होता, की ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांनाच तो कळायला लागला होता. मग प्रत्येक घराने आपापली तजवीज केली. मंडळातल्या एका काकांकडे ‘इंधन’ म्हणत. कोळशाच्या एक पाऊल पुढचा विचार आहे, असं ते अभिमानाने सांगत. आमच्याकडे ‘जांभूळ’ होतं. ते आमच्या घरात मीच आणलं. शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे माणूसही आपोआप तसाच व्हायचा. ‘ते आलं’, ‘ते गेलं’, ‘आज ते बरं वागलं’. गोऱ्यांसाठी मात्र कुणाकडेच असा शब्द नव्हता. त्यांना आम्ही ‘अमेरिकन’ म्हणायचो.

यात काही वाईट आहे, असं मला वाटत नव्हतं. जांभूळ हे फळ आहे, गोड आहे, मधुमेहाला चांगलं आहे. शिवी थोडीच देत होतो? फक्त त्यांना कळू नये, एवढंच बघत होतो. जे बोलण्यात काही वाईट नाही, ते समोरच्याला कळू नये म्हणून एवढी खटपट कशाला, हा प्रश्न फर्स्ट क्लास एम.एस्सी.ला पडला नाही.

एकदा जेवणाच्या सुटीत आयसेलिनला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा फोन आला. तिला सासूबद्दल बोलायचं होतं, म्हणजे तासाभराची निश्चिंती.

“अगं, आत्ता नको. जांभूळ समोर बसलंय,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

समोर बसलेलीने हातातला काटा खाली ठेवला. “हे जॅम्बूल म्हणजे काय?” तिने विचारलं. “फोनवर बोलताना माझ्याकडे बघितलंस, की तू हे म्हणतेस.”

“फ्रेंड,” मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण थापा मारताना माझा हात सढळ असतो. “साधी फ्रेंड नाही, अगदी जवळची. बहिणीसारखी. आमच्या भाषेतला खास शब्द आहे तो.”

तिचा चेहरा असा काही फुलला, की मला माझंच कौतुक वाटलं. “मग तूही माझी जॅम्बूल,” ती म्हणाली आणि आपल्या डब्यातल्या मक्याच्या पावाचा अर्धा तुकडा माझ्या डब्यात ठेवला. मी तो खाल्लाही. चांगला झाला होता.

त्या दिवसापासून मी जॅम्बूल झाले. सकाळी आल्या आल्या ‘गुड मॉर्निंग, जॅम्बूल’. वाढदिवसाच्या कार्डावर जॅम्बूल. तिच्या फोनमध्ये माझा नंबर त्याच नावाने. माझ्या मुलीला बाळ झालं, तेव्हा तिने हाताने विणलेली छोटी चादर पाठवली, आणि सोबत चिठ्ठी, ‘माझ्या जॅम्बूलच्या नातीला’. घरी ती वाचून नवरा हसून हसून लोळला. मीही हसले. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण मीही हसले.

ती राहायची त्या बाजूबद्दल मला काय माहीत होतं, असं कुणी विचारलं, तर उत्तर सोपं आहे. तिकडे जायचं नाही, एवढं माहीत होतं. माझ्या लहानपणी आमच्या गावाला, सातारच्या बाजूला, ओढ्यापलीकडे एक वस्ती होती. तिकडे जायचं नाही असं आम्हा मुलींना सांगितलेलं होतं, आणि का ते विचारायचं नसतं, हे न सांगताच कळलेलं होतं. तिकडची एक बाई आमच्या अंगणापर्यंत यायची, ओटीवर कधी आली नाही. अमेरिकेत एजंटबाईंनी नकाशात रुळांच्या खाली बोट ठेवून “तिकडे तुम्हाला आवडणार नाही” असं म्हटलं, तेव्हा मला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. तो सूर इतका ओळखीचा निघाला, की आपण परदेशात आहोत याचा मला क्षणभर विसर पडला. उलट बाईंनी आपल्याला कुठल्या बाजूला धरलं, याचाच आम्हाला आनंद झाला.

आम्ही राहायला गेलो आणि महिन्याभरात शेजारच्या अमेरिकनाने घर विकायला काढलं. त्याची बदली झाली असेल, असं नवरा म्हणाला. मग दुसऱ्या बाजूच्याची बदली झाली. मग समोरच्याची. एवढ्या बदल्या सरकारी खात्यातही होत नाहीत. तरी आम्ही वर्षभर बदलीच धरून बसलो होतो. आपल्यालाही कुणीतरी रुळांपलीकडचं समजू शकतं, हे पदवीधर माणसाच्या डोक्यात चटकन शिरत नाही.

इस्पितळातल्या आमच्या जेवायच्या खोलीच्या खिडकीतून हायवे दिसायचा. एकदा तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. “तो तिसरा खांब दिसतो? तिथे माझ्या आजीची गल्ली होती. आधी जाळली. आमच्या लोकांनी पुन्हा बांधली, तर वरून रस्ता नेला.”

मी मान हलवली आणि म्हणाले, की त्या हायवेमुळे आमची रोजची वीस मिनिटं वाचतात.

ती खाली मान घालून जेवायला लागली. कुणी जाळली, कधी, कशासाठी, हे मी विचारलं नाही. शॉर्ट सर्किट झालं असेल, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

पुढे एका उन्हाळ्यात पोलिसांच्या हातून एक काळा माणूस मेला आणि शहरात लोक रस्त्यावर उतरले. आमच्या मंडळाने नेमका त्याच आठवड्यात मुलांच्या नाचासाठी शहराच्या मध्यभागी हॉल घेतला होता. व्हॉट्सॲपवर धुरळा उडाला. कॅन्सल करा, पोस्टपोन करा, आपला काय संबंध, आपण टॅक्स भरतो. मी म्हटलं, थांबा, मला तिथली आतली माहिती मिळू शकते. आणि तिला फोन लावला.

“तुमच्याकडे सगळं सेफ आहे ना?” मी विचारलं. मला हॉलच्या पार्किंगबद्दल विचारायचं होतं.

ती म्हणाली, “रुळांच्या त्या बाजूने मला फोन करणारी तू पहिली. आम्ही ठीक आहोत. भाऊ मोर्चाला गेलाय, त्याची वाट बघत दारात बसलेय. तू फोन केलास, बरं वाटलं, जॅम्बूल.”

पार्किंगचं विचारायचं राहूनच गेलं. सोमवारी तिने माझ्यासाठी रताळ्याचं गोड पक्वान्न करून आणलं. ते मी घरी नेलं, सगळ्यांना आवडलं, आणि आपण किती प्रेमळ आहोत असं मला दोन दिवस वाटत राहिलं.

आम्ही दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो. नंतर अधूनमधून फोन व्हायचे, बहुतेक तिचेच. यंदाच्या वसंतात असाच तिचा फोन आला. तिच्या चर्चच्या आवारात एक दगड बसवणार होते, जाळलेल्या त्या वस्तीच्या आठवणीसाठी. घराण्याच्या वतीने ती बोलणार होती.

“म्हणजे तो रायट झाला होता, त्याच्यासाठी ना?” मी म्हणाले. मधल्या काळात मी शहराबद्दल थोडंफार वाचलं होतं, आणि वाचलेलं दाखवायची संधी मी सहसा सोडत नाही.

“रायट म्हणू नकोस,” ती म्हणाली. “रायटला दोन बाजू लागतात. ते रूळ ओलांडून आले. आम्ही घरात होतो.”

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, सॉरी राहू दे, तू ये, आणि तुझ्या लोकांनाही आण. आमच्या शहरात कुणी कुणाच्या बाजूला जात नाही, एकदा तरी जाऊ दे. मी तेव्हा मंडळाची सांस्कृतिक कार्यवाह होते. कार्यवाह म्हटल्यावर मला आपल्या अंगात काहीतरी संचारल्यासारखं होतं. मी तिथल्या तिथे तीस माणसं आणि दोनशे बटाटेवडे कबूल करून टाकले. मंडळाच्या अध्यक्षांनीही आढेवेढे घेतले नाहीत. स्मरणिकेत फोटो चांगला दिसेल, असं ते म्हणाले.

बुधवारी तिचा पुन्हा फोन आला. भाषण लिहून झालं होतं. “शेवट तुझ्या शब्दाने करणार आहे,” ती उत्साहाने सांगत होती. “वीस वर्षांपूर्वी एका बाईने मला तिच्या भाषेतला खास शब्द दिला, असं सांगणार. मग तुझ्या लोकांना उभं राहायला सांगणार, आणि आम्ही सगळे मिळून एकदम म्हणणार, जॅम्बूल!”

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात खाली जमिनीवरच बसले. रेशमी साड्या नेसलेल्या बायका आणि झब्बे घातलेले काका चर्चमध्ये उभे राहून ‘जांभूळ’ म्हणून ओरडताहेत, आणि ती माझी बाई हसून टाळ्या वाजवतेय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. त्यातल्या बऱ्याच जणांना आमच्या घरातलं जांभूळ कोण, ते चांगलं माहीत होतं. त्यांना मीच तर हसत हसत सांगितलं होतं.

शहाण्या माणसाने तिला लगेच फोन केला असता. मी गुरुवारचा अख्खा दिवस बाकी सगळ्यांना फोन केले. एकेका घरी सांगत होते, की रविवारी ‘जांभूळ’ हा शब्द मैत्रीण या अर्थाने येणार आहे, तरी कृपया कुणी हसू नये. म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनाही आता माहीत झालं.

इंधनवाल्या काकांना व्युत्पत्तीचा नाद आहे. “जांभूळ म्हणजे मैत्रीण? कुठल्या बोलीत?” त्यांनी विचारलं.

“आमच्याकडे म्हणतात, काका.”

“तुमच्याकडे म्हणजे सातारला ना? अहो, माझं आजोळ सातारचं. मी कधी ऐकलं नाही.” मग फोनवर गडगडाटी हसणं. “अच्छा, तुमच्या घरचं जांभूळ होय! कमाल केलीत. आम्ही आपलं इंधन कुणाला शिकवायला गेलो नाही, ते बरं झालं.”

नवऱ्याचं मत वेगळं नव्हतं. “तीस जण एकदम ओरडतील, टाळ्या होतील, वडे संपतील. तिला कोण सांगायला जाणार आहे?” खोटं कशाला बोलू, हे मला मनापासून पटलं. पटलं म्हणूनच मी आणखी कुणीतरी तेच म्हणावं, या आशेने अल्फारेटाला राहणाऱ्या मुलीला फोन केला.

“आई, जस्ट टेल हर,” मुलगी म्हणाली.

“अगं, पण किती वाईट वाटेल.”

“तिला की तुला?”

आयुष्यभर माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलणाऱ्या मुलीने हा एवढा प्रश्न मात्र स्वच्छ मराठीत विचारला. लहानपणी हट्टाने तिला रविवारच्या मराठी शाळेत घातलं होतं, ते असं अंगाशी आलं. मी जरा रागावूनच फोन ठेवला. शुक्रवारभर बटाटे उकडले, सोलले, कुस्करले. हात थांबले की ती डोळ्यांसमोर यायची. संध्याकाळपर्यंत मला एवढं कळलं होतं, की रविवारी तिला तसं उभं राहू दिलं, तर त्यानंतर मला तिच्याकडे बघता येणार नाही. आणि सांगितलं, तर बहुतेक ती माझ्याकडे बघणार नाही. वीस वर्षं जिला मी मैत्रीण म्हणून धरलंच नव्हतं, ती हातची जाईल, याची मला भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी मी तिच्या घरी गेले. पहिल्यांदा. रूळ ओलांडताना माझ्या हाताने आपोआप गाडीची दारं लॉक केली. खट्ट असा आवाज झाला आणि गाडीत एकटीच असूनही मी ओशाळले. तिचं घर लहान, विटांचं, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निळ्या फुलांच्या हायड्रेंजियाची झुडपं. आमच्या अंगणात हायड्रेंजिया तीन वेळा लावला, तीनही वेळा मेला.

ती जेवणाच्या टेबलापाशी उद्याच्या कार्यक्रमपत्रिका घडी करत बसली होती. मला बघून तिला इतका आनंद झाला, की मी परत फिरायच्या बेतात आले. तिने खुर्ची ओढून दिली आणि थोड्या पत्रिका माझ्याही पुढ्यात सरकवल्या. घड्या घालायचं काम बरं असतं, वर बघावं लागत नाही.

“ते जॅम्बूल,” मी म्हणाले. “ते उद्या म्हणू नकोस.”

“का? उच्चार चुकतोय?” तिने फ्रिजकडे हात केला. तिथे एक कार्ड लावलेलं होतं. त्यावर तो शब्द मोठ्या अक्षरांत, तुकडे पाडून लिहिलेला होता. ती रोज येता जाता म्हणून बघत होती.

“त्याचा अर्थ फ्रेंड नाही. ते एक फळ आहे.”

ती मोठ्याने हसली. “मग बिघडलं काय? मी माझ्या नातीला लाडाने भोपळा म्हणते.”

एक क्षण माझा जीव भांड्यात पडला. सुटकेची वाट समोर मोकळी होती. तेवढ्यावर चहा पिऊन घरी येता आलं असतं. पण फ्रिजवरचं ते कार्ड माझ्या नजरेसमोरून जाईना.

“ते फळ काळं असतं,” मी म्हणाले. “आम्ही घरी तुम्हा लोकांना ते म्हणतो. तुमच्यासमोर बोललं, तरी तुम्हाला कळू नये म्हणून.”

तिने हातातली घडी नखाने दाबून पूर्ण केली. “आम्ही म्हणजे कोण?”

“मी, नवरा, माझी बहीण. मंडळातले लोक.”

“मुलगी?”

“ती म्हणत नाही. पण तिला माहीत आहे.”

“मी बाळासाठी चादर पाठवली, तेव्हा तिला माहीत होतं?”

“हो.”

यानंतर मी जे केलं, त्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. मी रडायला लागले आणि माझी कर्मकहाणी सुरू केली. ती खरी होती, हेच त्यातलं वाईट. आम्ही तिघी बहिणी, मी मधली आणि सगळ्यांत काळी. माझी काकूच मला जांभूळ म्हणायची. मोठीला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा काकू हळू आवाजात सांगायची, “जांभळाला आत ठेवा, पोहे धाकटीच्या हाती पाठवा.” मी कोठीच्या खोलीत धान्याच्या डब्यांमध्ये बसून पाहुणे जायची वाट बघायचे. पाहुण्यांना तो शब्द कळायचा नाही. मला कळायचा. हे सगळं मी हुंदके देत देत तिला सांगितलं आणि थांबले. आता ती उठेल, माझ्या खांद्यावर हात ठेवेल, असं मला वाटत होतं. मी खांदा किंचित पुढेही केला असेन.

“म्हणजे तो शब्द कसा लागतो, ते तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

मी खांदा मागे घेतला.

“एवढी अख्खी भाषा होती तुझ्याकडे. त्यातून तू मला तोच दिलास.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भांडायला मला येतं. तिने माझ्यापुढच्या पत्रिका आपल्याकडे ओढून घेतल्या आणि घड्या घालायला लागली. मी उठले. दारापर्यंत गेले, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “उद्या दोन वाजता या. खायला असेल म्हणून मी सगळ्यांना सांगितलंय.”

रविवारी आम्ही गेलो. तीस माणसं, दोनशे वडे, दोन प्रकारच्या चटण्या. आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. इंधनवाले काका माझ्या शेजारी बसले होते आणि दर पाच मिनिटांनी कानाशी येऊन विचारत होते, “शब्द कधी आहे?”

ती बोलायला उभी राहिली. गर्द निळा ड्रेस, तशीच हॅट. कागद तिने समोर ठेवला, पण त्यात बघितलं नाही. तिची आजी रुळांच्या उत्तरेकडच्या घरांचे कपडे धुवायची, असं तिने सांगितलं. त्या दिवशी दुपारी लोक रूळ ओलांडून आले, तेव्हा आजी मुलांना घेऊन खिडकीच्या आड उभी होती. रॉकेलचा डबा घेऊन पुढे चालणाऱ्या माणसाच्या अंगात तिने परवाच इस्त्री करून दिलेला शर्ट होता. कोपराला ठिगळ होतं. ते तिनेच लावलं होतं, तिचे टाके तिला ओळखू आले. घर गेलं, गल्ली गेली. पुढच्या आठवड्यात त्या माणसाच्या घरून नेहमीसारखं कपड्यांचं गाठोडं आलं. त्यात तो शर्ट होता, रॉकेलच्या वासाचा. आजीने तो धुतला, खळ घातली, इस्त्री केली आणि नेऊन दिला. दार त्यानेच उघडलं.

“लहानपणी मला वाटायचं, ही क्षमेची गोष्ट आहे,” ती म्हणाली. “आजीला मी तसं म्हटलं, तर ती हसली. म्हणाली, क्षमा कुणी केली? मला मुलांना जेवायला घालायचं होतं. आणि दर सोमवारी दार उघडल्यावर त्याला माझं तोंड बघावं लागायचं.”

एवढं बोलून ती खाली बसली. लोक ‘आमेन’ म्हणाले. आमच्या रांगेत कुणाला काय करावं ते कळेना, मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. “आलाच नाही की,” काका पुटपुटले. मी त्यांना गप्प बसा म्हटलं, तेही जरा जोरातच, पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. वीस वर्षं मी त्या बाईसमोर बसून डबा खाल्ला होता, आणि तिच्या आजीची गोष्ट मला सगळ्या गावाबरोबर ऐकावी लागली. मी विचारलं असतं, तर तिने कधीच सांगितली असती. खूप वाईट वाटलं. तेव्हाही वाटलं, आत्ता लिहितानाही वाटतंय.

नंतर दगडावर फुलं वाहिली आणि आवारात खाणं मांडलं. वडे लोकांना फार आवडले. मी मोठ्या ताटापाशी उभी राहून वाढत होते, हाताला काम हवंच होतं. अध्यक्ष फोटो काढत होते. तेवढ्यात पांढऱ्या केसांचा एक उंच माणूस हातात वडा घेऊन माझ्यासमोर आला. मागून ती आली.

“हा माझा भाऊ,” ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे निरखून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. “मग हीच का ती, तुझी जॅम...?”

“आम्ही एका ठिकाणी कामाला होतो,” ती म्हणाली आणि त्याच्या हातात कागदी रुमाल दिला.

त्याने हात पुसून माझ्यापुढे केला. मी तो हातात घेतला.

“हो,” मी म्हणाले. “रक्तपेढीत.”